झाडीपट्टीतल्या ‘व्हॅनिटी’चा गिझर: एका निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण झाडीपट्टीतल्या एका नाट्यमंडळाचं आहे. मंडळाचं, माणसांचं, गावांचं नाव देणार नाही, या अटीवरच मालकांनी लिहायला होकार दिला. मी वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे, ब्रह्मपुरी आणि वडसा या दोन्ही बाजूंना, पंप, इन्व्हर्टर, गिझर अशी कामं करतो. गाड्यांमधली वायरिंग अधूनमधून. कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, गिझर बसवायचं हे माझं पहिलंच काम होतं. त्यात मी कुठे चुकलो ते पुढे येईलच.

ज्यांना झाडीपट्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. धान घरात आलं की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्याला जोडून नाटक. नाटक रात्री दहा-साडेदहाला उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. ऐन हंगामात एकेक कंपनी आज इकडे तर उद्या ऐंशी किलोमीटर तिकडे अशी फिरत असते. पुरुष कलाकार कुठेही उघड्यावर तोंड धुतात, हातपंपावर आंघोळ उरकतात. बायांचं तसं होत नाही. पहाटे चारला शेवटचा पडदा पडतो, तोंडावर रंग, केसांत स्प्रे, बाहेर दहा-बारा अंशांची थंडी, आणि गावात कोणाच्या तरी घरी ‘जरा पाणी तापवून देता का’ म्हणून विचारायला जायचं.

मालकांनी नागपूरच्या एका हौशी गृहस्थाकडून जुनी कॅरॅव्हॅन विकत घेतली. गृहस्थांची हौस दोन सहलींत फिटली होती. गाडीची नोंदणी आधीपासूनच कॅरॅव्हॅन म्हणून असल्यामुळे तो घोर नव्हता. आत 2 बाक, आरसा, एक अरुंद न्हाणी, 200 लिटरची पाण्याची टाकी, 12 व्होल्टचा पंप, 150 अँपिअर-तासाची बॅटरी आणि एक लहान इन्व्हर्टर. गाडीतून प्रवास फक्त चालक आणि मदतनीस करणार होते. कलाकारांची बस वेगळी. पहिल्याच दिवशी मंडळातल्या पोरांनी तिचं नाव ‘व्हॅनिटी’ ठेवलं आणि तेच टिकलं.

गाडीत मूळचा एक छोटा विजेचा गिझर होता, तो गंजून फुटलेला. मला बोलावणं आलं ते त्यासाठी.

अडचण काय होती

मागणी ऐकायला सोपी होती. प्रयोग संपल्यावर सहा बाया आणि दोघे ज्येष्ठ नट, मिळून आठ जणांना गरम पाणी हवं. तासाभरात सगळं आटोपायला हवं, कारण बस निघायची असते.

मी आधी पाणी मोजलं. थंडीत पहाटे गाडीच्या टाकीतलं पाणी 14 अंश निघालं. आंघोळीला 40 अंश पुरतं. म्हणजे 26 अंशांची वाढ हवी. पाणी वाहतं असताना तापवायचं तर एक हिशेब पाठ असावा: मिनिटाला 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 70 वॉट लागतात. मिनिटाला 5 लिटर, 26 अंश वाढ, म्हणजे 9 किलोवॉटच्या थोडं वर. टाकी नसलेल्या गिझरची सगळी गोम या एका गुणाकारात आहे. त्याच्याजवळ साठवलेलं काही नसतं. जे द्यायचं ते त्याच क्षणी जाळून द्यायचं.

दुसरी अडचण विजेची. मंडपातला जनरेटर प्रकाश आणि आवाजासाठी आणलेला असतो, आणि पडदा पडला की जनरेटरवाला पहिलं काम तो बंद करण्याचं करतो. त्याचंही बरोबर आहे, डिझेल त्याच्या खिशातून जातं. म्हणजे ज्या वेळी गरम पाणी हवं, नेमक्या त्याच वेळी वीज नाही.

आणि तिसरी अडचण मी पोहोचण्याआधीच घडून गेली होती. मालकांनी तालुक्याच्या बाजारातून घरगुती गॅस गिझर आणून ठेवला होता. ‘6 लिटर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं खोकं. पाच-साडेपाच हजारांचा माल. एका मिस्त्रीने न्हाणीच्या भिंतीवर पेन्सिलीने चार भोकांच्या खुणाही करून ठेवल्या होत्या.

समोरचे पर्याय

विजेचा तत्काळ गिझर, 3 किलोवॉटचा. हा पर्याय मी कागदावरच निकालात काढला, पण मालकांना पटवावा लागला. पूर्ण 230 व्होल्ट मिळाले तर तो मिनिटाला दीड लिटरच्या जरा वर पाणी देईल. गावात रात्री लाइन 180 व्होल्टवर आली की ताकद 61 टक्के उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग मिनिटाला जेमतेम 1 लिटर. 15 लिटरच्या एका बादलीला पाव तास, आठ बादल्यांना दोन तास. बॅटरीवर चालवायचा विचार तर करूच नये: 12 व्होल्टवर 3 किलोवॉट म्हणजे 250 अँपिअर. आपल्या बॅटरीचा जीव अर्ध्या तासाच्या आत गेला असता.

विजेचाच, पण टाकीचा गिझर. 10 लिटर पाणी 65 अंशांपर्यंत तापवून ठेवलं तर त्यात गार मिसळून साडेएकोणीस लिटर कोमट होतं. म्हणजे दीड बादलीसुद्धा नाही. आठ जणांसाठी 60 लिटरची टाकी लागेल, तिला जागा नाही.

इंजिनाच्या गरम पाण्यातून तापवणारी टाकी परदेशात काही कॅरॅव्हॅनमध्ये असते. आपली गाडी दुपारी चारला गावात पोहोचते आणि पाणी पहाटे चारला हवं. बारा तासांत इंजिनही गार आणि पाणीही.

लाकडावरचा बंब. हसू नका, मी गंभीरपणे विचार केला होता. बंब गाडीबाहेर ठेवायचा, मदतनीसाने तीन वाजता पेटवायचा. यात वीज नाही, गॅस नाही, बिघडण्यासारखं काही नाही. अडलं ते मदतनीसापाशी. नाटकाच्या शेवटच्या अंकात तोच पडदा ओढतो.

मग उरला गॅस. आणि गॅसमध्ये तीन वाटा होत्या: आणून ठेवलेला घरगुती गिझर, घरासाठीच बनवलेला, पण बंद ज्वलनकक्षाचा (ज्योत खोलीतल्या हवेपासून वेगळी ठेवणारा) गिझर, ज्याच्या पंख्याला 230 व्होल्ट लागतात, आणि कॅरॅव्हॅनसाठीच बनवलेलं आयात यंत्र, जे 12 व्होल्टवर पेटतं, बाहेरच्या पत्र्यात बसतं, बाहेरची हवा घेतं आणि धूर बाहेरच सोडतं.

पहिला निर्णय: खोकं परत करायचं का?

या ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

आणलेला गिझर वाईट नव्हता. मोकळ्या अंगणातल्या भिंतीवर तो वर्षानुवर्षं चांगला चालेल. पण तो हवा घेतो ती ज्या खोलीत आहे तिथली, आणि जळालेली हवा सोडतो तीही तिथेच. मी न्हाणी मोजली: 3 फूट बाय अडीच फूट, उंची सव्वासहा फूट. म्हणजे 1.3 घनमीटरच्या आसपास हवा. पूर्ण ज्योतीवर हा गिझर तासाला अंदाजे 900 ते 950 ग्रॅम गॅस जाळतो, आणि 1 किलो एलपीजी नीट जळायला साडेपंधरा किलो हवा लागते. नाटकाच्या एका जुन्या पाम्प्लेटच्या पाठीवर मालकांसमोर हिशेब मांडला. न्हाणीतली सगळी हवा साडेसहा मिनिटांत संपते.

मालकांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. “म्हंजे आंघोळ अर्धी रायते अन् हवा सरते?”

“हवा सरायची वाटच पाहावी लागत नाही, भाऊ. त्याच्या आधीच ज्योत बिघडते.”

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरची गळती नाकाला कळते, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. याला तसलं काही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकं जड होणं, मळमळ, पायांतलं बळ जाणं. आता रात्रभर नाचून-गाऊन पहाटे चारला न्हाणीत शिरलेल्या बाईचं डोकं जड झालं तर ती काय समजेल? जागरण झालं, एवढंच. या कामात मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली.

मिस्त्रीचं म्हणणं होतं की दाराला खाली-वर जाळी लावली की झालं. हे म्हणणं अगदीच वेडगळ नाही. घरात तसं करतात. पण तेव्हा मंडळातल्या ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना सगळे मोठ्या ताई म्हणतात, त्या बाकावर बसून चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, “जाळी लावा का काही बी करा, आमी तेच्यात कापड कोंबनारच. थंडी कोनाले लागत नाही?”

वाद तिथेच मिटला. जी सुरक्षितता माणसाने थंडी सोसून टिकवायची असते, ती पहिल्याच आठवड्यात कापडाच्या बोळ्याने बंद होते. खोकं परत गेलं नाही, कारण दुकानदार घेईना. आज तो गिझर मालकांच्या घरी मागच्या उघड्या पडवीत आहे. न्हाणीत लावू नका हे मी वहिनींना वेगळं जाऊन सांगितलं.

दुसरा निर्णय: कोणतं यंत्र

घरगुती बंद कक्षाचा गिझर आयात यंत्राच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळत होता. पंख्याला लागणारी थोडीशी वीज इन्व्हर्टरने दिली असती. मी दोन दिवस त्याच बाजूने होतो. मागे हटलो ते रस्त्यांमुळे. धानाच्या बांध्यांमधून जाणारे आपले रस्ते, त्यावर घराच्या भिंतीसाठी बनवलेला गिझर, त्याचे सांधे, त्याची धुराची नळी. एक सांधा सैल झाला की बंद कक्ष बंद राहत नाही, आणि ते कोणाला दिसतही नाही.

आयात यंत्रांत दोन जाती दिसल्या. अमेरिकन यंत्रांचा हिशेब बीटीयू (उष्णतेचं तिकडचं माप), गॅलन आणि फॅरनहाइटमध्ये. 42,000 बीटीयू म्हणजे 12.3 किलोवॉट, हे गणित करायला हरकत नाही. पण त्यांच्या पाटीवर इंधन म्हणून फक्त प्रोपेन लिहिलेलं. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. युरोपियन पद्धतीच्या एका यंत्राच्या पाटीवर ‘ब्युटेन/प्रोपेन, 30 मिलीबार’ असं स्पष्ट होतं, आणि आपला साधा रेग्युलेटरही तेवढाच दाब देतो. ताकद 12 किलोवॉट. तेच घेतलं. सगळं धरून साठ हजारांच्या आसपास गेलं. मालकांनी पैसे मोजले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एका प्रयोगाची सुपारी बुडाल्याचा भाव होता.

इथे मी एक गोष्ट वाचली आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही. पाटीवर खाली बारीक अक्षरांत होतं: किमान प्रवाह मिनिटाला 2.5 लिटर. यंत्र जास्तीत जास्त किती देईल हे मी तीनदा तपासलं. कमीत कमी किती मागतं याचा विचार एकदाही केला नाही.

बसवणी

हा भाग लवकर सांगतो. गाडीच्या डाव्या बाजूच्या पत्र्यात चौकोन कापून यंत्र बसवलं, कडेने सीलंट. सिलिंडरचा कप्पा वेगळा, दार फक्त बाहेरून, तळाला हवा जायला भोकं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्याला खालूनच वाट हवी. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर वापरायचा नाही, तो स्वयंपाकाचा आहे. 5 किलोचा छोटा, ओळखपत्रावर मिळणारा, तो घेतला. गॅसची सगळी जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडून, साबणाच्या फेसाने तपासून. गाडी हलण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, ही चालकाची जबाबदारी. आत एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत. पत्रा कापल्याची आणि गॅस बसवल्याची नोंद आरटीओत करून घ्या, हे मी लेखी दिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीत मनाने बदल करता येत नाहीत.

यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातली आठ पानं पाणी गोठू नये म्हणून काय करावं यावर होती. आमच्याकडे त्या आठ पानांचा उपयोग चहा ठेवायला झाला.

पहिला महिना

चौथ्या प्रयोगानंतर फोन आला. गिझर मधेच बंद पडतो. चालू होतो, बंद होतो, पुन्हा चालू होतो. बादलीत कधी कढत तर कधी बर्फ.

मी गॅसवर संशय घेतला. सिलिंडर बदलला, रेग्युलेटर बदलला. दुकानासमोर गाडी लावून नळ सोडला की यंत्र छान चालायचं. दुसऱ्या फेरीत पंपाची वायर जाड केली. पुन्हा तोच फोन. हे दोन फेरे माझ्या खात्यावर.

तिसऱ्या वेळी मी प्रयोगालाच गेलो. पहाटे चार वीसला गाडीबाहेर, यंत्राच्या झडपेला कान लावून उभा राहिलो. आत एक मुलगी आंघोळीला गेली. पंपाची घरघर, मग ‘टक टक टक’, मग फुस्स करून ज्योत पेटल्याचा आवाज. दहा सेकंदांनी ज्योत गप. पंप मात्र चालूच. पाणी वाहतंय आणि ज्योत नाही. मी बाहेरून ओरडलो, “ताई, नळ कसा उघडला हाये?”

“दोनी बी नळ उघडले. गरम लय गरम येते ना!”

तेव्हा कोडं सुटलं. मी यंत्राचं तापमान 50 अंशांवर लावून ठेवलं होतं, घरच्या गिझरच्या सवयीने. 50 अंशांचं पाणी अंगावर घेता येत नाही, म्हणून त्या बादलीखाली दोन्ही नळ सोडत होत्या, जसे आपण सगळे सोडतो. 50 आणि 14 मिळून 40 करायचे तर बादलीतलं 72 टक्के पाणी गरम नळाचं असतं. पंपातून एकूण 4 लिटर येत असेल तर गरमचा वाटा 2.9, यंत्र चालू राहतं. पण गावोगावच्या टाक्यांतलं पाणी भरून पंपापुढची जाळी शेवाळ आणि रेतीने अर्धी बुजली होती. एकूण प्रवाह 3 लिटरवर आला होता. त्यात गरमचा वाटा 2.2 लिटर. किमान हवा अडीच. यंत्र आपल्या नियमाने बंद होत होतं. दुकानासमोर मी नेहमी एकच नळ, पूर्ण सोडत होतो. म्हणून तिथे ते कधी बंद पडलं नाही.

टाकीच्या गिझरला याचं काही सोयरसुतक नसतं. त्यातून थेंब थेंब घ्या की धबधबा घ्या. वाहत्या पाण्याच्या गिझरला मात्र गार पाणी मिसळणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं.

उपाय पाच मिनिटांचा होता. तापमान 42 वर आणलं आणि न्हाणीतला गार नळ बंद करून त्याची मूठच काढून ठेवली. आता सगळं पाणी यंत्रातूनच जातं, 3 लिटर आलं तरी ज्योत टिकते. जाळी दर दोन दिवसांनी धुवायची, हे मदतनीसाकडे.

तोंड धुण्याचा प्रश्न

तरीही मोठ्या ताईंची एक तक्रार उरली, आणि ती माझ्या पहिल्या दिवसाच्या चुकीकडे बोट दाखवणारी होती. “आंघोळ आमी घरी जाऊनच करतो भाऊ, बहुतेक. आमाले तोंड धुवाले पानी पायजे.”

मी मालकांना विचारलं होतं: किती माणसं, किती वेळ. बायांना विचारलंच नव्हतं. रंग काढायची रीत अशी: आधी खोबरेल तेल चोळायचं, कापसाने पुसायचं, मग साबण, मग तांब्याने थोडं थोडं पाणी. बेसिनच्या नळाची धार बारीक, मिनिटाला दीड लिटर. त्या धारेवर हे यंत्र पेटणारच नाही. साठ हजारांचं यंत्र, आणि ज्या कामासाठी ते सर्वांत जास्त लागणार त्या कामाला ते गप्प.

बेसिनला वेगळा छोटा गिझर बसवावा असं एकाने सुचवलं. मी नको म्हणालो. त्याऐवजी झाकणाचा 20 लिटरचा पाण्याचा जार आणला, तो थंडी धरून ठेवतो तसा गरमीही धरतो. खाली तोटी होतीच. पडदा पडायच्या दहा मिनिटं आधी मदतनीसाच्या हाताखालचा पोऱ्या नळ पूर्ण सोडून तो जार भरतो. यंत्र एका दमात सात-आठ मिनिटं जळतं, त्याला तेच मानवतं. मग सगळ्या बाया जारच्या तोटीतून हवी तेवढी बारीक धार घेतात. बादली आणि जार, दोन्हींत आणखी एक फायदा निघाला. असले गिझर बंद करून लगेच सुरू केले की मधे एक गार लोंढा येतो. फवाऱ्याखाली उभा माणूस त्याने दचकतो. बादलीत तो मिसळून जातो.

सिलिंडरवरचं दव

डिसेंबरच्या शेवटी नवी तक्रार: शेवटच्या दोन बादल्या कोमट. या वेळी मी आधी पाहिलं, मग बोललो. कप्प्याचं दार उघडलं तर सिलिंडरचा खालचा भाग ओला, हात लावला तर हुळहुळेल असा गार. दवाची रेघ नेमकी आतल्या द्रवाच्या पातळीला होती.

सिलिंडरमधला गॅस द्रव असतो आणि वायू होताना तो स्वतःच्याच अंगातली उष्णता घेतो. 12 किलोवॉटचं यंत्र सलग चाललं की तासाला जवळपास किलोभर गॅस ओढतं. सिलिंडर भरलेला असेल तर तो हे सोसतो. तळाशी दीड किलो उरला असेल आणि बाहेर दहा अंश असतील तर तो स्वतःच गारठतो, दाब पडतो, ज्योत लहान होते. ब्युटेन तर शून्याच्या जरा खालीच उकळतो. तिथवर गारठला की त्याचा वायू होणंच थांबतं. कोणीतरी सिलिंडरभोवती गरम पाण्याचं पोतं गुंडाळायला निघालं होतं, ते थांबवलं. विस्तव-बिस्तव तर दूरच.

एजन्सीकडून दोन सिलिंडर एका नळीला जोडून घेतले. दोघांनी मिळून अर्धा अर्धा भार घेतला आणि तक्रार गेली. खर्चाचा हिशेब सांगतो: एका बादलीला साधारण 45 ग्रॅम गॅस. रात्री आठ बादल्या म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या जरा वर. एक 5 किलोचा सिलिंडर चौदा प्रयोग काढतो.

अलार्म वाजला तो दिवस

जानेवारीत एका पहाटे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. सगळ्या बाहेर पळाल्या, चालकाने गिझर आणि गॅस बंद केला, मला फोन केला. अलार्म तरीही वाजतच होता. गिझर बंद आणि अलार्म चालू, तेव्हा मी विचारलं, आत आणखी काय आहे? बाकाखाली घमेलं निघालं. घमेल्यात निखारे. पोऱ्याने शेकोटीतून आणून ठेवले होते, ताईंचे पाय गारठतात म्हणून.

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. घरोघरी बाळंतिणीच्या खोलीत हेच करतात. पण साठ हजार खर्चून जो वायू आम्ही गाडीबाहेर ठेवला, तो घमेल्यातून आत आला होता. दारं उघडून अर्धा तास गाडी मोकळी ठेवली. एका मुलीचं डोकं दुखत होतं, तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून आणलं. ती ठीक होती. अलार्म बसवताना मालकांनी तो ‘नसला तरी चालते’ या यादीत टाकला होता, हेही नोंदवून ठेवतो.

निष्पत्ती

होळीपर्यंत यंत्र चाललं. फेब्रुवारीअखेर दुपारच्या उन्हात टाकीतलं पाणी 30 अंशांवर जायला लागलं, तेव्हा नवा प्रकार: यंत्राची सर्वांत लहान ज्योतसुद्धा जास्त व्हायची, ते तापून स्वतःला बंद करायचं. अशा दुपारी गिझरच बंद ठेवला. 30 अंशांच्या पाण्याला हे सोंग कशाला. हंगाम संपल्यावर यंत्रातून लिंबूसत्वाचं पाणी तासभर फिरवलं. पांढरा गाळ बराच निघाला, जड पाण्याच्या बोअरवेलचा. सगळं पाणी काढून, कोरडं करून गाडी शेडमध्ये लावली.

रात्री आठ जणांचं काम पाऊण तासात होतं. जिथे गरम पाण्यासाठी कोणाच्या दारात जावं लागत होतं, तिथे आता जावं लागत नाही. उलट, नाटक आयोजकांच्या घरच्या बाया ‘व्हॅनिटी’ पाहायला येतात आणि न्हाणीत डोकावून जातात.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात गाडीपासून नाही, बायांपासून करेन. एक प्रयोग पूर्ण पाहून, पहाटे त्या पाणी नेमकं कसं वापरतात ते बघून मग यंत्राचं नाव काढेन. तसं केलं असतं तर किमान प्रवाहाचा आकडा पहिल्याच दिवशी टोचला असता. कदाचित कमी प्रवाहावर पेटणारं दुसरं यंत्र घेतलं असतं. कदाचित हेच घेऊन जार पहिल्या दिवशीच ठेवला असता. दुसरं जास्त शक्य वाटतं.

न्हाणीत मिश्रणाचा नळ ठेवणार नाही. पंपापुढची जाळी हाताने, पान्याशिवाय उघडेल अशी घेईन. आणि बिघाड जिथे होतो तिथेच, त्याच वेळी जाऊन पाहीन. दुपारी दुकानासमोर सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात.

एक चूक अजून दुरुस्त व्हायची आहे. धुराचं तोंड मी डाव्या बाजूला काढलं, कारण सिलिंडरचा कप्पा तिकडे होता आणि गॅसची नळी आखूड ठेवता येत होती. गाडीचं दारही डावीकडेच. पहाटे आपली पाळी येईपर्यंत बाया त्याच बाजूला शाली गुंडाळून उभ्या राहतात, आणि गावातली पोरं त्या ऊबदार झोताला हात शेकायला येतात. सध्या तोंडापुढे जाळी आहे आणि चालक पत्र्यावर खडूने फुली मारतो. यंत्र उजवीकडे न्यायला हवं. भाऊबीजेआधी ते काम करायचं असं मी म्हणतोय; पत्रा दुसऱ्यांदा कापायला मालक अजून तयार नाहीत.